दिवा मिठाचा, दोष थंडीचा : सौम्य हिवाळ्यातल्या एका खाऱ्या स्विमिंग पुलाचं प्रकरण

या प्रकरणात यंत्रातलं काहीही बिघडलेलं नव्हतं. पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारा सेल धड होता, त्याला चालवणारा कंट्रोलर धड होता, पंप आणि फिल्टर मुकाट्याने आपलं काम करत होते. तरीही हिवाळा उतरणीला लागला तेव्हा या स्विमिंग पुलात गरजेपेक्षा साठ किलो मीठ जास्त होतं, क्लोरीन शून्यावर आलं होतं आणि सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. खाऱ्या पाण्याच्या पुलांत हा घोटाळा दर हिवाळ्यात कुठे ना कुठे होतोच, म्हणून तो एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतो.

कडाक्याची थंडी असते तिथे प्रश्न सरळ असतो. पाण्याची पातळी उतरवायची, पाइप हवा मारून कोरडे करायचे, सेल काढून घरात ठेवायचा, वर झाकण ओढायचं आणि वसंतापर्यंत विसरून जायचं. जिथे थंडी पडतच नाही तिथे सेल बारा महिने चालतो. मधल्या हवेत मात्र पाणी दहा ते पंधरा अंशांत रेंगाळतं, एखाद-दुसऱ्या रात्री दंव पडतं, मधेच आठवडाभर छान ऊन पडतं. अशा वेळी पूल धड बंदही नसतो आणि धड चालूही नसतो. पोहायला कोणी उतरत नाही, त्यामुळे पाण्याकडे रोज बघणारंही कोणी उरत नाही. उरतो तो भिंतीवरचा कंट्रोलर, आणि सगळे त्याच्यावर विसंबतात.

पूल आणि शरदातली मापं

पूल घरगुती, उघड्यावरचा, सिमेंटवर प्लास्टर केलेला. पाणी ५०,००० लिटर, सरासरी खोली दीड मीटर, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग साधारण ३३ चौरस मीटर. हिशोबाला हा आकडा सोयीचा आहे : १ किलो मीठ घातलं की २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) वाढतात, २५ किलोची गोणी घातली की ५००. सेल ताशी २५ ग्रॅम क्लोरीन तयार करणारा, म्हणजे पूर्ण क्षमतेने चालला तर या पाण्यात तासाला अर्धा पीपीएम.

शरदात पाणी २७ अंशांवर होतं तेव्हाची नोंद वहीत सापडली. मीठ ३२००, मुक्त (म्हणजे कामाला मोकळं असलेलं) क्लोरीन ५, पीएच ७.६, अल्कलिनिटी (पीएच सावरून धरणारे क्षार) ८०, कॅल्शियम हार्डनेस (पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम) २५०, सायन्युरिक आम्ल (क्लोरीनला उन्हापासून जपणारं) ७०. नाव ठेवायला जागा नाही. ही नोंद होती म्हणूनच पुढचा सगळा हिशोब लावता आला.

मिठाबद्दलची एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी, कारण सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं. समुद्राच्या पाण्यात साधारण ३५,००० पीपीएम क्षार असतात, खाऱ्या पुलात त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. हे पाणी सेलमधल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून जाताना विजेच्या जोरावर त्यातल्या क्लोराइडचं क्लोरीन होतं, दुसऱ्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. क्लोरीन जंतू आणि शेवाळ मारतं, किंवा उन्हाने विघटित होतं, आणि पुन्हा क्लोराइड होऊन पाण्यातच राहतं. म्हणजे मीठ खर्च होत नाही. ते जातं फक्त पाण्याबरोबर : पोहणाऱ्यांच्या अंगावरून, फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना (बॅकवॉश), गळतीतून, किंवा पावसाने पूल भरून वाहिला तर. बाष्पीभवनाने तर ते उलट दाट होतं. त्यामुळे "मीठ कमी" असा दिवा लागला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की पाणी कुठे गेलं? पाणी कुठेच गेलेलं नसेल तर मीठही कुठे गेलेलं नाही.

इथे हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तीन गोण्या

पाणी १६ अंशांपर्यंत उतरलं तेव्हा पहिल्यांदा दिवा लागला. मालकांनी कंट्रोलरचा पडदा पाहिला तर मीठ २५०० दाखवत होता. या यंत्राची खालची मर्यादा २७००. त्यांनी एक गोणी ओतली, दुसऱ्या दिवशी आकडा २९०० च्या वर गेला आणि दिवा हिरवा झाला. औषध लागू पडलं असं वाटायला आणखी काय हवं? मला विचाराल तर सगळ्यात जास्त नुकसान या हिरव्या दिव्याने केलं. पहिलीच गोणी निष्फळ ठरली असती तर त्यांनी कोणाला तरी विचारलं असतं.

पुढे थंडी वाढली, पाणी १२ अंशांवर आलं आणि दिवा पुन्हा लाल. या वेळी दोन गोण्या पडल्या. पंप दिवसातून जेमतेम दोन तास चालत होता, त्यामुळे मीठ खोल भागात पांढऱ्या ढिगाऱ्यासारखं बसून राहिलं. थंड पाण्यात मीठ विरघळत नाही असा त्यांचा समज झाला, पण तो खरा नाही. शून्य अंशावरच्या आणि पंचवीस अंशांवरच्या पाण्यात जवळपास सारखंच मीठ मावतं, विरघळण्याचा वेग तेवढा मंदावतो. ब्रशने ढीग पसरून पंप एक दिवस सलग चालवला की काम होतं. त्यांनी तेही केलं, आणि आकडा ३३०० वर जाऊन बसला. मधल्या काळात "सेल तपासा" असाही इशारा येऊन गेला होता, म्हणून सेल काढून आम्लाने धुऊन झाला होता. पट्ट्यांवर काही थर होता का, असं मी विचारलं. "थर कसला, चकचकीत होत्या. म्हटलं आता उघडलाच आहे तर धुऊन घेऊ."

चकचकीत सेल आम्लाने धुणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं. टायटॅनियमच्या पट्टीवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ लेप असतो, आणि सेलची खरी किंमत त्या लेपाची असते. कॅल्शियमचा पांढरा थर दिसला तरच धुवायचं. तेही चार भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक आम्ल घालून (आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही), आणि फेस यायचा थांबला की लगेच बाहेर काढायचं.

थेंबांनी मोजलेलं मीठ

मला बोलावलं ते शेवाळासाठी. आठवडाभर स्वच्छ ऊन पडलं होतं, पाणी १३ अंशांवर आलं होतं आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यात हाताला बुळबुळीत लागणारा हिरवट थर आला होता. "मीठ बरोबर, दिवा हिरवा, पंप चालू, मग शेवाळ कुठून आलं?" हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

मी आधी मीठ मोजलं, तेही कंट्रोलरवर विश्वास न ठेवता. या चाचणीत पाण्याच्या नमुन्यात सूचक घालून पिवळा रंग आणतात आणि सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब मोजून टाकत जातात. पिवळ्याचा विटकरी रंग झाला आणि टिकला की थांबायचं. माझ्या संचात एक थेंब म्हणजे २०० पीपीएम. बाविसाव्या थेंबाला रंग बदलला : ४४००. त्याच क्षणी भिंतीवरचा पडदा ३३०० दाखवत होता.

आता वहीतला हिशोब. शरदात ३२००, त्यात तीन गोण्यांचे १५००, एकूण ४७००. हिवाळ्यात तिथे जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस झाला होता. ३३ चौरस मीटरवर तेवढा पाऊस म्हणजे ३३०० लिटर, आणि तेवढंच खारं पाणी वरच्या निचऱ्यातून वाहून गेलं. म्हणजे साडेसहा टक्क्यांची घट. ४७०० मधून साडेसहा टक्के वजा करा, ४४०० च्या आसपासच येतं. थेंबांचा हिशोब आणि गोण्यांचा हिशोब एकमेकांना साक्ष देत होते. चुकत होता तो पडदा.

चुकत होता असं म्हणणंही तसं अन्यायाचं आहे. कंट्रोलर मीठ मोजतच नाही. तो पाण्यातून वीज किती सहज जाते ते पाहतो, आणि त्यावरून मिठाचा अंदाज बांधतो. पाणी थंड झालं की त्यातले आयन मंदावतात आणि वाहकता घटते, दर अंशामागे साधारण दोन टक्क्यांनी. २५ अंश हा पाया धरला तर १३ अंशांवर ती जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी. ४४०० चे चोवीस टक्के वजा केले की ३३४४ उरतात, आणि पडद्यावर तेच होतं. हाच हिशोब मागे लावला तर पहिल्या दिव्याच्या वेळी पुलात ३१०० मीठ असणार, म्हणजे पुरेसं. १६ अंशांवर ते २५०० दिसलं एवढंच. काही कंट्रोलर तापमानाची भरपाई करून आकडा दाखवतात, काही अर्धवट करतात, काही करतच नाहीत. आपला कोणत्या जातीचा आहे हे हिवाळ्यात एकदा थेंबांच्या चाचणीशी ताडून पाहिलं की कळतं.

आणखी एक बारकावा. तापमानाचा सेन्सर बहुतेक वेळा सेलजवळच्या पाइपात असतो. रात्रभर पंप बंद असला की त्या पाइपातलं पाणी बाहेरच्या हवेइतकं गार होतं, आणि सकाळी पंप सुरू झाल्या झाल्या पडद्यावर जे दिसतं ते पुलाचं नसून त्या पाइपातल्या पाण्याचं असतं. पंधरा-वीस मिनिटं पाणी फिरल्याशिवाय तो आकडा लिहूनच घेऊ नये.

मग शेवाळ का आलं

जास्तीच्या मिठाने शेवाळ येत नाही. शेवाळ आलं क्लोरीन नव्हतं म्हणून, आणि क्लोरीन नव्हतं ते सेल बंद होता म्हणून.

जवळजवळ सगळे क्लोरिनेटर (सेल आणि कंट्रोलरची ही जोडी) पाणी ठरावीक तापमानाखाली गेलं की निर्मिती थांबवतात. कुठे ही मर्यादा १० अंश असते, कुठे १५. या यंत्रात १५ होती. कारण सरळ आहे : थंड पाण्यातून तेवढाच प्रवाह ढकलायला जास्त व्होल्टेज लागतं आणि त्याचा भार पट्ट्यांवरच्या लेपावर पडतो. तर पाणी १५ च्या खाली गेल्या दिवसापासून या पुलात एक कणभरही क्लोरीन तयार झालं नव्हतं. निर्मितीचा छोटा दिवा विझलेला होता, आणि त्याच्या शेजारीच मिठाचा दिवा हिरवागार. सगळ्यांचं लक्ष मिठावर असल्यामुळे विझलेला दिवा कोणाला दिसलाच नाही. मीठ "दुरुस्त" झाल्यावर तर शंकेलाही जागा उरली नाही.

थंडीत क्लोरीनची गरज खूप कमी होते हे खरं. ऊन तिरपं आणि दिवस लहान, त्यामुळे अतिनील किरणांनी होणारी नासाडी कमी, शेवाळाची वाढ मंद, पोहणारे नाहीत. म्हणूनच शरदातलं ५ पीपीएम क्लोरीन बरेच दिवस पुरलं. पण कमी गरज म्हणजे शून्य गरज नव्हे. पायऱ्यांवर पाणी वीतभरच असतं, दुपारी ते बाकीच्या पुलापेक्षा लवकर तापतं, आणि तिथे प्रवाहही मरतुकडा. शेवाळ नेमकं तिथे धरलं.

क्लोरीन मोजतानाही एक चकवा होता. नमुन्यात डीपीडी (क्लोरीन असलं की गुलाबी होणारं चाचणीचं रसायन) घातल्यावर रंगच आला नाही. रंग न येण्याचे दोन अर्थ असतात : क्लोरीन अजिबात नाही, किंवा इतकं जास्त आहे की रंग आल्याबरोबर तेच त्याला उडवून लावतंय. डोळे झाकून पहिला अर्थ घेऊ नये. नमुन्यात तेवढंच साधं क्लोरीनरहित पाणी मिसळून पुन्हा पाहिलं, तरी रंग नाही, क्षणभराची गुलाबी झाकही नाही. तेव्हा खात्री झाली की शून्यच आहे. अपारदर्शक झाकण ओढून सेल चालू ठेवलेल्या पुलात मी याच्या बरोबर उलटं पाहिलं आहे. ऊन नाही, खर्च नाही, सेल मात्र ओततोच आहे, आणि क्लोरीन भलतंच वर चढलेलं. तिथेही नमुना असाच पांढरा दिसतो.

काय केलं

सेलला हात लावला नाही. तो मुद्दाम बंद केला आणि मालकांना सांगितलं की आता पाणी १८ अंशांवर टिकेपर्यंत हे यंत्र नाहीच असं समजा. हिवाळ्यापुरता हा साधा क्लोरीनचा पूल आहे आणि क्लोरीन बाटलीतून येणार.

सोडियम हायपोक्लोराइट, १० टक्क्यांचं, शक्य तितकं ताजं, कारण ते पडून राहिलं की ताकद गमावतं. या पुलात एक लिटर घातलं की २ पीपीएम वाढतात. शेवाळ मारायला किती लागेल हे सायन्युरिक आम्लावर ठरतं, कारण तेच क्लोरीनला धरून ठेवतं. ते मोजलं तेव्हा ६५ निघालं. ही चाचणी बर्फगार नमुन्यावर करू नये, निकाल भरवशाचा येत नाही, म्हणून बाटली घरात नेऊन पाणी खोलीच्या तापमानाला आल्यावर केली. ६५ साठी शेवाळमारीची पातळी साधारण २५ पीपीएम, म्हणजे साडेबारा लिटर. पीएच ७.४ होता, तो तसाच राहू दिला. क्लोरीन १० च्या वर गेलं की पीएचची चाचणी भरकटते, त्यामुळे तो आधीच पाहून ठेवायचा आणि नंतर त्याच्या मागे लागायचं नाही.

पायऱ्या, शिडीमागची जागा, दिव्याची चौकट, स्किमरचं (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खाचेचं) तोंड ब्रशने घासलं. शेवाळ बहुतेक वेळा याच आडोशांतून परत येतं. पंप रात्रंदिवस. क्लोरीन खाली आलं की पुन्हा २५ वर नेत राहिलं. थांबायचं कधी हे डोळ्यांनी ठरवलं नाही : पाणी स्वच्छ, संयुक्त क्लोरीन (घाणीशी जोडलं जाऊन अडकलेलं) अर्ध्या पीपीएमपेक्षा कमी, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर मोजलेलं क्लोरीन पहाटे सूर्य उगवायच्या आत एक पीपीएमपेक्षा जास्त घटलेलं नाही. रात्री ऊन नसतं, म्हणून रात्रीतली घट म्हणजे पाण्यात अजून काहीतरी जिवंत आहे. तिन्ही जुळल्यावरच माघार घेतली.

नंतर रोजची घट साधारण अर्धा पीपीएम निघाली. म्हणजे आठवड्याला पावणेदोन लिटर, दोन हप्त्यांत, पंप चालू असताना रिटर्नच्या (फिल्टरमधून पाणी पुलात परत येतं त्या पाइपाच्या) तोंडाशी हळूहळू. पंप रोज चार तास. क्लोरीन ५ च्या आसपास. हिवाळ्यातली खरी मेहनत एवढीच आहे, आणि त्यातला बराचसा वेळ बाटलीचं झाकण उघडण्यात जातो. हायपोक्लोराइटबरोबर थोडं मीठही येतं, १० पीपीएम क्लोरीनमागे साधारण १६-१७ पीपीएम, पण ते धरण्यासारखं नाही. आम्ल आणि हायपोक्लोराइट मात्र एकाच वेळी, एकाच जागी किंवा एकाच भांड्यात घालायचं नाही. विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि थंडीत बंद ठेवलेल्या पंपघरात तो जिवावर बेततो.

जास्तीचं मीठ

मालकांना लगेच पाणी उपसायचं होतं. मी नको म्हटलं. ४४०० पीपीएम मीठ पोहणाऱ्याला फारसं जाणवत नाही, पुलालाही तातडीचा धोका नाही. प्रश्न फक्त एवढाच, की पाणी २५ अंशांवर गेल्यावर पडदा खरा आकडा दाखवेल, या यंत्राची वरची मर्यादा ४२०० आहे, आणि तेव्हा ते "मीठ जास्त" म्हणून पुन्हा बंद पडेल. मीठ पाण्यातून काढायचं कोणतंही रसायन नाही, पाणीच बदलावं लागतं. ३२०० वर यायला ४४०० च्या पुलातलं सत्तावीस टक्के पाणी जायला हवं, म्हणजे साडेतेरा हजार लिटरच्या वर. त्यातला जितका वाटा उरलेला पाऊस फुकटात करून देईल तितका करू द्यावा. ते उपसलेलं खारं पाणी झाडांच्या मुळाशी सोडण्यासारखंही नसतं.

पाणी जाताना मिठाबरोबर सायन्युरिक आम्ल आणि कॅल्शियमही जातं, हे विसरू नये. म्हणून कॅल्शियम वाढवणं उपशानंतरवर ठेवलं. आधी घालून मग ओतून देण्यात काय अर्थ?

एक गोठती रात्र

याच काळात एका रात्री पारा शून्याखाली दोन अंश जाणार असा अंदाज आला. मालक निर्धास्त होते : "खारं पाणी आहे ना आपलं, ते कसं गोठेल?"

३००० पीपीएम मिठाने पाण्याचा गोठणबिंदू साधारण ०.२ अंशाने खाली येतो. समुद्राचं पाणीसुद्धा उणे १.९ च्या आसपास गोठतं. तेव्हा या बाबतीत खारा पूल आणि गोडा पूल सारखेच. पुलाची चिंता तशीही नव्हती. ५०,००० लिटर पाणी एका अंशाने गार व्हायला त्यातून साधारण ५८ किलोवॅट-तास उष्णता निघून जावी लागते, एका रात्रीत ते बर्फाला पोचत नाही. गोठतात ते जमिनीवरचे उघडे पाइप, फिल्टरचं डोकं, पंपाची टोपली आणि सेलचं प्लास्टिकचं कवच, कारण तिथे पाणी थोडं आणि थांबलेलं असतं. गोठताना पाणी नऊ टक्क्यांनी फुगतं आणि कवचाला तडा जातो. त्या रात्री पंप संध्याकाळपासून सकाळी ऊन येईपर्यंत चालू ठेवला, पाइपांच्या सगळ्या फांद्यांचे वॉल्व्ह थोडे थोडे उघडून, म्हणजे कुठल्याच पाइपात पाणी उभं राहू नये. वीज जाण्याची भीती असेल तर उलटं करावं : पंप बंद, निचऱ्याचे स्क्रू काढून पंप, फिल्टर आणि सेल रिकामे.

यावरून एक सोय लक्षात घ्यावी. क्लोरीनचे निर्णय पाण्याच्या तापमानावर घ्यायचे आणि गोठण्याचे हवेच्या. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहायचे. हे पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे हवा एका रात्रीत दहा अंश घसरली तरी सेलच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं.

खरखरीत पायरी

शेवाळ घासताना वरच्या पायरीचं प्लास्टर बोटांना बारीक पॉलिश पेपरसारखं लागलं. शेवाळ गेल्यावरही तसंच. हा सगळ्यात शांतपणे झालेला तोटा.

प्लास्टरमधल्या कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव मिठाहून वेगळा आहे, थंड पाण्यात ते जास्त विरघळतं. पाण्याला कॅल्शियमची भूक आहे की ते थर टाकायच्या बेतात आहे हे लँगेलियर निर्देशांक सांगतो. उणे ०.३ ते अधिक ०.३ या पट्ट्यात पाणी समाधानी. त्याच्या नेहमीच्या तक्त्यात तापमानाचा आकडा २९ अंशांना ०.७ असतो, १२ अंशांना ०.३. बाकी काहीही न बदलता, फक्त थंडीने ०.४ गेले. त्यात पावसाने अल्कलिनिटी ७० वर आणि कॅल्शियम २३० वर आणलेलं, पीएच ७.४. सगळं मांडलं तेव्हा निर्देशांक उणे ०.९ च्या आसपास निघाला. अशा पाण्याने प्लास्टर चाटायला सुरुवात केली तर त्यात नवल काही नाही.

उन्हाळ्यात खाऱ्या पुलाचा पीएच सतत वर जातो आणि लोकांना आम्ल घालायची सवय लागलेली असते. सेलमधल्या बुडबुड्यांनी पाणी घुसळलं जातं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो. सेल बंद आणि पाणी गार असलं की ही चढण जवळजवळ थांबते. इथे मात्र सवयीने आम्ल पडत राहिलं होतं, वहीत त्याच्या नोंदी होत्या. आम्ल बंद केलं. पावणेदोन किलो खाण्याचा सोडा घालून अल्कलिनिटी ९० वर आणली, रिटर्नची तोंडं वर वळवून पाणी खळखळू दिलं आणि पीएच ७.८ पर्यंत चढू दिला. निर्देशांक उणे ०.४ च्या आत आला. उरलेलं काम कॅल्शियम क्लोराइडचं, उपशानंतर.

वसंतात पाणी १८ च्या वर टिकायला लागलं तेव्हा उरलेलं पाणी बदललं, सायन्युरिक आम्ल आणि कॅल्शियम वाढवून घेतलं आणि मग सेल सुरू केला. थेंबांच्या चाचणीत ३२००. पडदा सुरुवातीला २८०० म्हणाला, आणि पाणी तापत गेलं तसा आपोआप वर सरकला. मालक या वेळी त्याच्याकडे बघून नुसते हसले. पायरीचा खरखरीतपणा मात्र गेला नाही, तो रसायनाने जाणारही नाही. पाणी उतरवून तेवढाच भाग घासून घेता येईल, पण प्लास्टर पातळ आहे, म्हणून सध्या तो तसाच ठेवला आहे. दर महिन्याला हात फिरवून पाहायचा, आणि वाढत नसेल तर पुढच्या प्लास्टरपर्यंत थांबायचं असं ठरलं आहे.